दोन पायल्या गहू

मी भित्रा माणूस आहे. जालन्यात छत्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, पण हातात खडू आणि आवाज मोठा, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. बायकोच्या मात्र लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, स्वयंपाकघरात पाल निघाली तेव्हा. मी ओट्यावर चढलो होतो आणि तिनं केरसुणीनं पाल बाहेर काढली होती. तेव्हापासून आमच्या घरात पाली आणि डॉक्टर तिच्याकडे असतात.

गेल्या उन्हाळ्यात अंघोळ करताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली. हे तिनं मला पोळ्या लाटता लाटता सांगितलं. "अहो, एक गाठ लागून राह्यली. सोमवारी संभाजीनगरला जाऊन येऊ." मी पेपर खाली ठेवला आणि आधी का सांगितलं नाहीस म्हणून तिच्यावरच ओरडलो. घाबरलो की मी ओरडतो. "आत्ताच तर लागली," ती म्हणाली आणि तव्यावरची पोळी उलटली.

सोमवारी डॉक्टरांनी सुई घालून गाठीचा तुकडा काढला. रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी मिळेल म्हणाले. "बहुतेक काही नसेल, पण बघू." परतीच्या बसमध्ये मी त्या 'बहुतेक'ला धरून बसलो. शंभरात किती म्हणजे बहुतेक, हे विचारायचं माझ्याच्यानं झालं नव्हतं. बायको खिडकीला डोकं टेकून झोपली होती. बदनापूर गेलं तरी मी तिचा श्वास मोजत होतो.

जालन्यात मस्तगडला घरी आलो, तर साडीसुद्धा न बदलता ती कोठीचं झाकण उघडून बसली. आमच्याकडे अजून आईच्या वेळची पितळी पायली आहे, धान्य मोजायची. तिनं एक पायली गहू पातेल्यात ओतले. कुरडयांचे गहू, हे मला कळलं, कारण दरवर्षी याच दिवसांत ते भिजतात. तीन दिवस भिजत ठेवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा आणि पाचव्या दिवशी सकाळी तो शिजवून गच्चीवर कुरडया घालायच्या. मी बोटांवर मोजलं.

"शुक्रवार येतो," मी म्हणालो. "शुक्रवारी रिपोर्ट आहे."

"रिपोर्ट संध्याकाळी हाय. चीक सकाळी."

आणि तिनं पायली पुन्हा कोठीत घालून शिगोशिग भरली, पातेल्यात ओतली. आमच्या घरात कुरडया एकाच पायलीच्या होतात. दोघांना त्याही उरतात, मुलगा पुण्याहून आला की पिशवी भरून नेतो. दुसरी पायली कशाला, हे मी विचारायला हवं होतं. मी मात्र काय म्हणालो तर, "हात धुतलेस का?"

माझं डोकं त्या दुसऱ्या पायलीपासून पुढे धावायला लागलं. हिला कळलंय. पुढच्या उन्हाळ्यात आपण नसू, म्हणून ही माझ्यासाठी दोन वर्षांचं घालून ठेवते आहे. मंगळवारी तर खात्रीच पटली. सकाळी चहा करताना ती म्हणाली, "जिरं हिरव्या झाकणाच्या डब्यात असतं, वरच्या फळीवर." दुपारी गॅसचं पुस्तक कुठल्या खणात आहे ते सांगितलं. बुधवारी वरणाला मीठ किती ते. मी प्रत्येक वेळी 'हो' म्हणून मोरीत जायचो आणि नळ सोडून उभा राहायचो.

सुई उजव्या बाजूला घातली होती, त्या हाताला तिला जोर द्यायचा नव्हता, म्हणून गव्हाचं पाणी बदलायचं काम माझ्याकडे आलं. तिसऱ्या दिवशी त्या गव्हाला असा आंबूस वास सुटतो की पहिल्यांदा नाक धरावंसं वाटतं. मी पातेलं कलतं करून पाणी ओतायचो, हातानं गहू अडवायचो. दाणे फुगून मऊ झाले होते. त्यांना हात लावला की मला तिची गाठ आठवायची. मुलाला अजून काही कळवलेलं नव्हतं, रिपोर्ट आल्याशिवाय कळवायचं नाही अशी तिची ताकीद होती. फोन वाजला की मी दचकायचो. बुधवारी कर्ज पाहिजे का विचारणाऱ्या एका मुलीला मी इतकं झापलं की शेवटी तीच मला म्हणाली, सर, तब्येत बरी आहे ना तुमची?

शुक्रवारी सकाळी सहाला गच्चीवर शेगडी पेटली. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या आपा आल्या होत्या. आपा शिवणकाम करतात, मनगटात जोर आहे, म्हणून दरवर्षी सोऱ्या फिरवायला त्याच असतात आणि जाताना आपल्या वाट्याच्या कुरडया नेतात. चीक हाटायचं काम बायकोचं. या वेळी लाकडी दांडा माझ्या हातात आला. उकळत्या पाण्यात चीक पडला की हात थांबवता येत नाही, नाहीतर गाठी होतात.

"सर, हात नक्को रोको," आपा म्हणाल्या. "गुठली पडी तो सब गया."

मी हाटत होतो. चीक घट्ट होत चालला, दांडा जड झाला, तळहाताला फोड आला. बायको पाटावर बसून मीठ बराबर आहे का ते चाखत होती. सकाळच्या उन्हात तिचा चेहरा इतका नेहमीसारखा दिसत होता की मला ते सहन होईना.

"मला नकोत कुरडया," मी म्हणालो.

"काय?"

"तू नसलीस तर मी काय करू त्या कुरडयांचं? दोन वर्षांच्या घालून ठेवून राह्यलीस. जिरं कुठं, मीठ किती, सगळं सांगून राह्यलीस. मला कळत न्हाई असं वाटतं का तुला?" छत्तीस वर्षं ज्या आवाजानं वर्ग गप्प बसवले, तो आपांच्या समोर रडका झाला. हात मात्र हाटतच होता.

बायकोनं हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "दोन वर्षांच्या? अहो, दुसरी पायली समोरची हाय."

समोरच्या घरातले भाऊ हिवाळ्यात गेले होते. वीस वर्षं सकाळचा दुसरा चहा आम्ही दोघांनी त्यांच्या ओट्यावर घेतला. ज्या घरात मरण झालं, त्या घरात वर्षभर वाळवण घालत नाहीत. शेजारीपाजारी आपल्याबरोबर त्यांचंही घालतात आणि गुपचूप डबा भरून देतात. हे मला सांगायला नको होतं. लहानपणी आईनं हातात दिलेले असे डबे मी स्वतः पोचवलेत. पण त्या पाच दिवसांत मी भाऊंना, त्यांच्या घराला, साफ विसरलो होतो. जे दिसेल ते मला आमच्यावरच येताना दिसत होतं.

"आणि जिरं?" मी विचारलं.

"जिरं मी अडतीस वर्षं सांगून राह्यले. यंदा पहिल्यांदा ऐकलं तुम्ही."

आधी आपा हसल्या. सोऱ्या बाजूला ठेवून, तोंडाला पदर लावून हसल्या. मग बायको हसली, आणि मग मीही, डोळे पुसत. त्या हसण्यात थोड्या गाठी झाल्याच. आपांनी त्या दांड्यानं चिरडल्या आणि मला नालायक ठरवलं. पहिल्या पातेल्यातला गरम चीक वाट्यांमध्ये घेऊन, वर साखर आणि तूप घालून आम्ही तिघांनी खाल्ला. गेल्या पाच दिवसांत मला पहिल्यांदाच खरी भूक लागली होती, आणि मी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

"भीती मला बी वाटून राह्यली," बायको खालमानेनं म्हणाली. "बसून राह्यलं की जास्तीच वाटते. मंग म्हणलं, गहू भिजवावेत."

एक वाटी मी समोर नेऊन दिली. भाऊंच्या बायको, आमच्या वहिनी, दारातच बसल्या होत्या. यंदा त्यांनी कुरडयांना हात लावायचा नव्हता, म्हणून त्या गच्चीवर आल्या नव्हत्या, पण आमचं हसणं त्यांनी ऐकलं होतं. "यांना चीक लई आवडायचा," त्या म्हणाल्या आणि तिथंच बसून सगळी वाटी संपवली. मी वाटीसाठी थांबलो. भाऊ गेल्यापासून मी त्या ओट्यावर पहिल्यांदा इतका वेळ उभा होतो, आणि मला त्याची लाज वाटली.

संध्याकाळी संभाजीनगरला रिपोर्ट मिळाला. गाठ वाईट होती. डॉक्टर ऑपरेशन, मग औषधं असं काहीबाही सांगत होते आणि बायको पिशवीतून वही काढून लिहून घेत होती. मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "पाणी प्या." तहान तिला लागली असेल असं समजून मी बाटली तिच्याच हातात दिली.

जालन्यात उतरलो तेव्हा रस्ते ओले होते. वळवाची सर येऊन गेली होती. मला गच्ची आठवली आणि का कोण जाणे, त्या रिपोर्टनं जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. मी भर रिक्षात हुंदके द्यायला लागलो. कुरडया भिजल्या, कुरडया भिजल्या, एवढंच म्हणत होतो.

भिजल्या नव्हत्या. आभाळ आलेलं बघून वहिनींनी आपांना हाक मारली होती आणि दोघींनी खाली अंथरलेल्या साडीची चार टोकं धरून एकेक साडी कुरडयांसकट समोरच्या घरात नेली होती. भाऊंच्या फोटोसमोर, सगळ्या फरशीवर, पंख्याखाली कुरडया मांडलेल्या होत्या. यंदा वाळवणाला हात लावायचा नाही, हे वहिनींनी त्या दिवशी मानलं नाही. रिपोर्टचं बायकोनंच सांगितलं, दारात उभ्या उभ्या, दोन वाक्यांत.

वहिनींनी वाकून कडेची एक कुरडई सरळ केली. मग म्हणाल्या, "पुढल्या साली गहू मी भिजवते. दोन पायल्या."

"बरं," बायको म्हणाली.

दोन पायल्या. ऑपरेशननंतर हिच्या हातात जोर नसेल म्हणून, की आमच्या घरात वाळवण घालायचं नसेल म्हणून? या वेळी अर्थ लावायला मला पाच दिवस लागले नाहीत, तो तिथंच माझ्या अंगावर आला. वहिनींनाही तो कळला असावा, कारण त्या घाईघाईनं चहा ठेवायला आत गेल्या.

वर्ष गेलं ते एकेका सलाईनवर. तिचे केस गेले, भुवया गेल्या, तोंडाची चव गेली. डब्यातून जिरं मी डोळे मिटून काढायला शिकलो. वरणात मीठ मात्र अजून जास्तच पडतं. एका दुपारी काहीच खाववत नव्हतं म्हणून मी कुरडई तळली. आयुष्यातली पहिली, एका बाजूनं करपलेली. ती तिनं दातांखाली धरली आणि कुरूम कुरूम खात राहिली. "चव लागते?" मी विचारलं. "बिलकुल न्हाई," ती म्हणाली, "पण आवाज तर येऊन राह्यला." त्या दिवसापासून औषध झालं की दुसऱ्या दिवशी मी कढई चढवायचो. आम्ही समोरासमोर बसून तो आवाज करायचो. भीती कुठं गेली नव्हती, पण तेवढा वेळ मी खुशीत असायचो.

आता पुन्हा उन्हाळा लागलाय. सोमवारी तपासणी झाली, अंगात अजून कुठं काही आहे का ते बघायला. डॉक्टर पुन्हा 'बहुतेक' म्हणाले. रिपोर्ट शुक्रवारी. माझी भीती जुनीच आहे, तिला मी ओळखतो. पाली आणि डॉक्टर अजून तिच्याकडेच आहेत.

घरी येऊन चपला काढतोय, तर आतून कोठीचं झाकण वाजलं. ती जमिनीवर बसली होती, डोक्याला रुमाल, डाव्या हातात पायली. उजवा हात अजून नीट उचलत नाही. एक पायली भरायला तिला तीन वेळा थांबावं लागलं. मी पुढे झालो तर नजरेनंच मला मागे सारलं. गहू पातेल्यात पडले, वर पाणी पडलं. मी दुसऱ्या पायलीची वाट बघत उभा होतो. तिनं कोठीचं झाकण लावलं.

"समोर सांगून या," ती म्हणाली. "जल्दी जा, भिजवून बसतील त्या."

गल्ली दहा पावलांची. वहिनी ओट्यावर सूप घेऊन गहू निवडत होत्या, शेजारी भरलेलं पोतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो, डोळे पुसत. वहिनींच्या हातातलं सूप थांबलं. त्यांना तपासणीचं माहीत होतं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. चेहरा उतरला होता.

"काही नाही," मी म्हणालो. "तुम्ही एकच पायली भिजवा. आमचे भिजलेत."