परातीतले खिळे

नगरला आमचा छोटा छापखाना होता आणि त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. चळवळीची पत्रकं आमच्याकडे छापली जात. बिघडलेल्या पत्रकांत माझ्या शाळेच्या भाकरी बांधलेल्या असत, त्यामुळे 'जुलूम', 'निर्धार', 'सत्य' हे शब्द मी चटणीबरोबरच गिळले.

लढाईमुळे कागद मिळेनासा झाला, त्या वर्षी दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, "हात वापरला तरच परत येईल." पण आम्ही वापरू देत होतो कुठे? मी भरवायची, आई सदरा घालायची आणि दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

एकदा खिळे जुळवणाऱ्या चाचांच्या हातून टाइपाची अख्खी केस, म्हणजे प्रत्येक अक्षराला वेगळं घर असलेली लाकडी पेटी, पालथी झाली. शिशाची अक्षरं, म्हणजे आमचे खिळे, फरशीभर पसरली. चाचांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, आता हे निवडणार कोण?"

"द्या इकडं." आईनं सगळे खिळे परातीत भरले आणि परात दादांपुढं आदळली. "बसल्या बसल्या निवडा जरा. उजव्या हातानं. का आता चाचाच बरे?"

"माझ्या केसला कोण हात लावतो तेच बघतो!" दादा गरजले.

पहिल्या सकाळी 'क'च्या घरात एक 'क' पडला, बाकीचे पांघरुणात. त्या खिळ्यांना दादांनी ज्या शिव्या दिल्या, त्या आमच्या कुठल्याच पत्रकात छापता आल्या नसत्या. पण ते थांबले नाहीत.

गंमत म्हणजे परात काही संपेना. एका दुपारी कारण दिसलं. दादा झोपलेले आणि आई, निवडलेले खिळे परातीत पाडून, पोह्यांसारखे कालवतेय!

"आई, ही फसवणूक आहे!"

"हळू. भाषण चौकात कर."

"सत्याशिवाय माणूस—"

"तुझ्या सत्यानं त्यांचा अंगठा हलला का? माझ्या परातीनं हललाय. धर ही केस, लई जड हाय."

मी धरली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. पण दादांना सांगितलंही नाही, कारण अंगठा खरंच हलत होता.

मग मावशीच्या बाळंतपणासाठी आई संगमनेरला गेली. जाताना माझ्याकडे नुसतं बघितलं. दुसऱ्या दुपारी परात रिकामी करून दादा आडवे झाले. मी केसपुढं नुसती बसून राहिले.

"अगं ए," मिटल्या डोळ्यांनीच दादा म्हणाले, "कालव की. उद्या मी काय करू?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तोच टवका उडालेला 'ळ' रोज सकाळी परातीत येतो. वारं हातावरून गेलंय, डोळ्यांवरून नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कसं फसवलं म्हणून ती खूश असते. कशाला मोडायचं? तूही सांगू नकोस. आणि नीट कालव, वरवर नको."

मी दोन्ही हातांनी कालवलं.

आई परतली तेव्हा दादा उजव्या हातानं भाकरी मोडत होते. तुकडा ताटाबाहेर पडायचा, पण तोच हात तो पुन्हा उचलायचा. आईनं आणखी एक भाकरी वाढली.

जेवणानंतर दादा जरा जास्तच मोठ्यानं घोरू लागले. आई माझ्या कानाशी आली. "कळलं तर न्हाई ना त्यांना?"

"छे," मी म्हणाले आणि केसची एक बाजू धरली.