रोज सकाळी आठ थाऊ

सकाळचा पहिला दट्ट्या पुन्हा आठ थाऊनं बारीक निघाला. सलग चौथा दिवस. मी मायक्रोमीटर पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच.

"काय म्हणते तुझी शिकलेली मशीन?" शेजारच्या लेथवरून खाजाभाईनं विचारलं.

"आठ थाऊ कमी."

"माझी अडाणीच बरी मग. मला विचारल्याबिगर कापत न्हाई."

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आठ थाऊ म्हणजे लग्नपत्रिकेच्या एका कागदाची जाडी. तेवढ्यानं काय बिघडतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. हातपंपाच्या पाइपात खाली एक पितळी दट्ट्या वरखाली होतो आणि पाणी ओढतो. त्याच्यावर चामड्याचा वायसर बसतो. दट्ट्या बारीक झाला की वायसर सैल बसतो, आणि बाई दांडा मारमारून घामाघूम होते, पाणी येत नाही. दट्ट्या जाड झाला तर वायसर चढतानाच फाटतो. जाड दट्ट्या परत कापता येतो. बारीक झालेला भंगारात.

आमचं वर्कशॉप उदगीरला. मालक शिवअप्पा, पंचक्रोशीत सगळे अप्पाच म्हणतात. खाजाभाई टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा कारागीर, तीस वर्षं याच शेडमध्ये. आणि मी दयानंद, मेकॅनिकल डिप्लोमा. उरलेल्या वेळात, उदगीर हा लातूरपासून वेगळा नवा जिल्हा व्हावा म्हणून पत्रकं लिहिणारा. म्हणून अप्पा मला 'पुढारी' म्हणायचे. कौतुकानं नाही.

त्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेनं आलं. सगळ्या देशानं टीव्हीवर रेल्वे पाहिली. आमच्या जळकोटकडच्या गावांत रेल्वे नाही, त्यामुळे टीव्हीही नाही आणि पाणीही नाही. होते ते हातपंप, आणि त्यातले निम्मे झिजलेल्या दट्ट्यांमुळे बंद. माझ्या गावचा पंप दीड महिना बंद होता. खाली पाणी होतं, वर यायला पितळेचा मूठभर तुकडा नव्हता. माझी चुलती पहाटे दोन घागरी घेऊन पलीकडच्या शिवारातल्या विहिरीवर जायची.

तर लातूरच्या सरकारी कचेरीतून साठ दट्ट्यांचं काम निघालं. खाजाभाईनं चार दिवसांत हातानं करून दिले असते. पण कागदावर एक कलम होतं: 'सर्व सुटे भाग संगणक नियंत्रित यंत्रावर बनविलेले असावेत.' हे कलम कुणी लिहिलं, मला माहीत नाही. ज्यानं लिहिलं त्याच्या घरी नळाला पाणी येत असणार, एवढं नक्की. खाजाभाईचा हात अर्ध्या थाऊला चुकत नाही, पण हात संगणकीकृत नाही. शनिवारपर्यंत माल तपासून पास झाला नाही, तर काम बाहेरच्या मोठ्या ठेकेदाराकडे जाणार आणि आमच्या गावांचा नंबर पावसाळ्यानंतर लागणार. पाऊस पडल्यावर हातपंप दुरुस्त करायची ही योजना मला फार आवडली.

अप्पा म्हणाले, "नवी मशीन घ्यायची ऐपत न्हाई. कोपऱ्यातला टेबलावरचा छोटा लेथ हाय. त्याला कॉम्प्युटर बसवतोस का, पुढारी? का नुसता कागुदच लिहितोस?"

"बसवतो."

मोठा बोललो. पण ते काम वाटतं तितकं अवघड नाही. लेथमध्ये धातूचा तुकडा चकमध्ये, म्हणजे गोल जबड्यात, धरून फिरवतात, आणि टर्नर दोन हँडलं फिरवून टूल, म्हणजे धातू कापणारं पातं, पुढंमागं, आतबाहेर नेतो. मी ती हँडलं काढली. त्यांच्या जागी दोन स्टेपर मोटर बसवल्या. साधी मोटर गरगर फिरते, स्टेपर मोजून पावलं टाकते. आतले झिजलेले स्क्रू काढून चांगले बॉल स्क्रू, म्हणजे छऱ्यांवर फिरणारे आणि ढिले न पडणारे, घातले. एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतला जुना कॉम्प्युटर आणला. त्याच्यातून तारा मोटरच्या ड्रायव्हरला, म्हणजे मोटरला हुकूम पोचवणाऱ्या सर्किटला. माप टाइप करायचं, बटण दाबायचं, मोटर पावलं मोजत टूल आत नेते.

एकच गोष्ट नीट समजून घ्या, सगळं महाभारत तिथंच झालं. वीज गेली की मशीनला आपण कुठं उभे आहोत हे आठवत नाही. वीज आली की ती आधी घर शोधते. टूलची स्लाइड मागं मागं येते. मागच्या टोकाला एक सेन्सर: छोटी फट, एका बाजूनं उजेड, दुसऱ्या बाजूला डोळा. स्लाइडवर पत्र्याची जीभ असते. जीभ फटीत शिरून उजेड अडला की मशीन म्हणते, हे माझं शून्य. पुढची सगळी मापं तिथून. हा सेन्सर मी जुन्या प्रिंटरमधून काढला आणि क्रॉस स्लाइडच्या, म्हणजे टूल आतबाहेर नेणाऱ्या त्या स्लाइडच्या, समोरच्या सपाट तोंडावर बसवला. भोक मारायला सोपी, हाताला येणारी जागा.

दुपारी मशीन चालू झाली आणि पहिल्या दिवशी कमाल माल निघाला. खाजाभाईनं दट्ट्या उलटासुलटा करून बघितला आणि फडक्यानं पुसून ढिगात ठेवला. त्याच्याकडून एवढं म्हणजे सत्कार.

दुसऱ्या दिवसापासून नाटक सुरू. सकाळी माल आठ थाऊ बारीक. मी कॉम्प्युटरमध्ये तेवढी दुरुस्ती घालायचो, माल बरोबर. जेवणानंतर वीज जाऊन आली की तोच माल आठ थाऊ जाड. दुरुस्ती काढली की बरोबर. दुसऱ्या सकाळी परत बारीक. बेल्ट तपासले. मोटर आणि स्क्रू जोडणारी कपलिंग आवळली. मोटर गरम होते का म्हणून तिच्यावर हात ठेवून बसलो. बारीक झालेले सात दट्टे भंगारात गेले. जाड झालेले खाजाभाई गुपचूप उचलायचा आणि आपल्या लेथवर हातानं मापात आणायचा. कलमात 'बनविलेले' लिहिलं होतं, 'दुरुस्त केलेले' नव्हतं.

चौथ्या दिवशी मी निदान केलं: वीज. दुसरं काय असणार? दाब कमी, दिवसातून चार वेळा गायब, बिचाऱ्या मोटरची पावलं चुकतात. पत्रक लिहायला मला वीस मिनिटं लागली. 'मराठवाड्याच्या उद्योगाचा गळा घोटणारी वीज' असं शीर्षक. ते घेऊन मी वीज कार्यालयात गेलो.

टेबलामागच्या साहेबांनी कागद वाचला. "आठ थाऊ म्हणजे किती?"

"लग्नपत्रिकेच्या कागदाएवढं."

"आणि ते आमच्यामुळं?"

"दुसऱ्या कुणामुळं?"

"रोज आठच? विजेचा दाब रोज सारखाच चुकतो म्हणता?" साहेबांनी कागद घडी घालून परत दिला. "एवढी शिस्त आमच्या खात्यात असती तर लई बरं झालं असतं, दयानंदराव."

मला राग आला. बरोबर बोललेल्या माणसाचा जास्त येतो. पावलं चुकली तर कधी तीन, कधी तेरा चुकतील. रोज मोजून आठ म्हणजे चूक नव्हे, नेम. पण हे मला तिथं सुचलं नाही. मी पत्रक त्यांच्या फाटकावर चिकटवून आलो.

गुरुवारी अप्पा मुदत वाढवून मागायला लातूरला गेले. आमच्याकडून लातूरला एका सहीसाठी जायचं म्हणजे दिवस मोडतो. नवा जिल्हा का हवा, याचं माझ्याजवळ याहून चांगलं कारण नाही. मुदत मिळाली नाही, ते सांगायला नकोच.

पण त्या दिवशी मशीन सकाळपासून बरोबर चालली. वीज तीनदा गेली, तीनदा आली. माल मापात. एकही भंगार नाही.

"खाजाभाई, आज काय वेगळं केलं आपण?"

"काय न्हाई. आज अप्पा न्हाईत."

"त्याचा काय संबंध?"

"मालक नसला की समदेच कामं बरे करतात. मशीन बी माणूसच हाय म्हन."

तो हसण्यावारी बोलला, पण माझ्या डोक्यात ते अडकून बसलं. मी गावाहून एसटीनं यायचो, नऊ वाजायचे. अप्पा सातला शेड उघडायचे. सात ते नऊ या दोन तासांत काय होतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. शुक्रवारी पहिल्या गाडीनं आलो आणि पितळेच्या सळ्यांच्या घोडीशेजारी स्टूल टाकून बसलो.

अप्पा आले. कपाळावर विभूतीचे ताजे तीन पट्टे. फळीवरची डबी काढली. पहिल्यांदा मोठ्या लेथजवळ गेले, "शरणु" म्हणत हात जोडले, तीन बोटं विभूतीत बुडवून त्याच्या गिअर बॉक्सवर ओढली. मग ड्रिल मशीन. मग ग्राइंडर. मग माझा छोटा लेथ. त्याला सपाट जागा एकच, क्रॉस स्लाइडचं समोरचं तोंड. तीन बोटं आडवी, डावीकडून उजवीकडं, थेट सेन्सरच्या फटीवरून.

मी उठून टॉर्च लावला. फटीत तेलात कालवलेली पांढरी राख. अर्धा उजेड राखेनंच अडवलेला, म्हणून जीभ पुरती शिरायच्या आधीच मशीनला वाटायचं घर आलं. शून्य पुढं सरकायचं, माल बारीक निघायचा. आणि दुपारी जेवायला बसण्याआधी खाजाभाई त्याच्या नेमाप्रमाणे सगळ्या मशिनी फडक्यानं पुसायचा. राख जायची. वीज येऊन मशीन परत घर शोधायची, शून्य जागेवर, आणि माझ्या सकाळच्या दुरुस्तीमुळं माल जाड. दोन माणसं आपापला नेम पाळत होती. वीज खातं निर्दोष.

"अप्पा, उद्यापासून ह्या मशीनला विभूती लावू नका."

अप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या नातवाला उपाशी ठेवायला सांगितलं. "वीस वर्षं त्याच जागी लावलालोय. तुझा डबा तिथं कालपरवा आला. कुणी हलायचं?"

"साठ दट्ट्यांचा प्रश्न आहे, अप्पा. उद्या शनिवार."

"तेच म्हनलालोय की. ज्या दिवशी एवढं मोठं काम, त्याच दिवशी बिनविभूतीची मशीन चालू करू?"

मी अंधश्रद्धेवर भाषण सुरू करणार होतो. पहिलं वाक्य तयारही होतं. तेवढ्यात खाजाभाई फडकं झटकत मधे आला.

"दया, तिकडं लातूरला बसून आमचं ठरवतात, आमाला कुनी विचारत न्हाई म्हनून तू बोंबलतोस ना?"

"हाव."

"मग भोक पाडताना तू अप्पाला विचारलास? मला विचारलास? मी सांगितलो असतो, तिथं रोज हात जातो म्हनून."

मी ड्रिल घेतलं. सेन्सर काढला, मागच्या बाजूला नवी भोकं पाडून बसवला, वरून पत्र्याची टोपी. दीड तासाचं काम. पाच दिवसांच्या तपासणीपुढं आणि एका पत्रकापुढं दीड तास. अप्पांनी सपाट तोंडावर, भोकाच्या खुणा चुकवत, पुन्हा तीन पट्टे ओढले. मशीन चालू केली. पहिला दट्ट्या मापात. वीज गेली, आली. दुसराही मापात. शनिवारी दुपारपर्यंत साठ पुरे.

तपासणीला लातूरहून साहेब आले. त्यांनी आधी कॉम्प्युटरचा पडदा पाहिला, त्याच्यासोबत फोटो काढून घेतला, मग ढिगातून एक दट्ट्या उचलला आणि काठावरून बोट फिरवलं.

"बघा, धार कशी मोडलीय. टोचत नाही कुठं. ही कॉम्प्युटरची सफाई. हातानं असं होत नाही."

माझी मशीन काठ धारदार ठेवते. कानसीनं धार मोडायची सवय खाजाभाईची. तो मागं उभा राहून छताकडं बघत होता. मी तोंड उघडलं, अप्पांनी पायावर पाय दिला, मी मिटलं. माल पास झाला.

बुधवारी आमच्या गावचा पंप खोलला, दट्ट्या बदलला. पहिला मान चुलतीचा. पंधरा-वीस झटके नुसती हवा. मग गंजाचं लाल पाणी, आणि मग स्वच्छ. चुलतीनं घागर लावली आणि मला म्हणाली, "बघत काय उभा राहिलास? धर दुसरी घागर."

दुसऱ्या दिवशी वीज कार्यालयाच्या फाटकावरचं पत्रक काढायला गेलो. कुणीतरी आधीच काढलं होतं, डिंकाचे चार ठिपके तेवढे राहिले होते. टेबलामागच्या साहेबांना जाऊन सांगितलं की चूक तुमची नव्हती. त्यांनी विचारलं, मग कुणाची? मी म्हटलं, भोक पाडणाऱ्याची.

नंतर आणखी दोन लेथना मी कॉम्प्युटर बसवला. आता पहिला दिवस मी काहीच करत नाही. स्टुलावर बसतो आणि त्या मशीनवर दिवसभरात कुणाकुणाचे हात कुठं पडतात ते बघतो. तिथले मालक म्हणतात, हा बसून पगार खातो. खातो.