मारा नदीकाठचे चिकू

नरपडच्या माझ्या मामांना थांबणं म्हणून ठाऊक नव्हतं. सगळा जन्म चिकूच्या वाडीत गेलेला. "आज पिकलं ते आजच खायचं, उद्यावर टाकायचं नाही," हे दिवसातून दहादा ऐकवायचे. पाहुणा डहाणूला गाडीतून उतरतो न उतरतो तोच यांचा फोन, "लवकर ये, चिकू पिकलेत." मग त्याचं पोट भरलेलं असो की बिघडलेलं, सुटका नाही.

२०१७ साली माझी आफ्रिकेची सफारी ठरली. कळपाने नदी ओलांडणारे विल्डबीस्ट, म्हणजे तिथले शिंगवाले रानपशू, एकदा डोळ्यांनी बघायचे, एवढं एकच वेड शाळेत भूगोल शिकवता शिकवता मी वर्षानुवर्षं जपलं होतं. आमच्या ह्यांनी ऐन वेळी अंग काढून घेतलं आणि मामा म्हणाले, "मी येतो की." तिथेच माझं नशीब फुटलं.

मसाई मारात समोर सिंहीण बसलेली, आणि हे मला विचारतात, "ह्या मातीत चिकू होईल का गं? विचार ना त्या ड्रायव्हरला." मी कपाळाला हात लावला. त्यात मला न सांगता दोन डझन कच्चे चिकू पेंढ्यात गुंडाळून आणलेले. कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं म्हणे. रोज सकाळी एकेक दाबून बघायचे.

शेवटच्या दिवशी नदीकाठी शे-दोनशेंचा कळप येऊन थबकला. तीन तास आम्ही वाट बघत होतो. चिकू नेमके त्याच दिवशी पिकले.

"मामा, पिशवी उघडाल तर याद राखा," मी दातओठ खात म्हणाले.

"उद्या फुकट जातील गं," म्हणत त्यांनी ड्रायव्हरच्या हातावर फोड ठेवली. तेवढ्यात जीपच्या उघड्या छतातून एक मोठं वानर आत. त्याने चिकूंच्या पिशवीबरोबर माझी कॅमेऱ्याची बॅगही धरली. मी खाली वाकून ती ओढत राहिले. वर मान केली तेव्हा कळप पलीकडे चढला होता. मामा मात्र नदीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं.

परतीच्या वाटेत मी त्यांच्याशी चकार शब्द बोलले नाही. पुढे बोलायला लागले, पण नदीचा विषय निघाला की उठून जायची. "ऐक तरी, काय झालं ते," ते मागून म्हणायचे. मला इतका राग होता की दोन वर्षं मी ऐकलं नाही.

२०१९ मध्ये मामा अंथरुणाला खिळले. एका संध्याकाळी मीच म्हटलं, "सांगा आता, नदीत काय झालं?"

त्यांचा चेहरा खुलला. "एक होता बघ पुढे. पाण्याला तोंड लावायचा, मागे फिरायचा. असं तीनदा. मग त्याने मान खाली घातली आणि..." त्यांना धाप लागली. मी पाणी पाजलं.

"आणि पुढे?"

"दमलो गं आता. उरलेलं उद्या."

उभ्या जन्मात या माणसाने पहिल्यांदा काही उद्यावर टाकलं. सकाळी मी मसोलीच्या माझ्या घरून रिक्षाने नरपडला पोचले, तर ओटीवर माणसं जमली होती.