विकणारा कोणी नव्हता
घरात भरून ठेवलेल्या कापसाचा कोंदट वास आला, की हात लावायच्या आधीच माझ्या अंगाला खाज सुटते. वणीजवळच्या आमच्या गावात मोबाइलची रेंज यायची ती पुढच्या खोलीत, कापसाच्या गंजीवर चढून बसलं तरच. त्या दुपारी तिथं बसून मी एका औषध कंपनीचे शेअर हाती नसतानाच विकले होते. भाव पडला की बाजार बंद व्हायच्या आत स्वस्तात परत घ्यायचे, एवढाच बेत. पण कंपनीच्या नव्या औषधाला मंजुरी मिळाल्याची बातमी आली आणि शेअर अप्पर सर्किटला, म्हणजे त्या दिवशी चढता येईल त्या शेवटच्या भावाला, जाऊन अडकला. घेणाऱ्यांची रांग, विकणाऱ्यांच्या जागी शून्य. आज परत घेता आले नाहीत, तर शेअर बाजार ते लिलावातून घेणार आणि लागेल तो भाव मला द्यावा लागणार होता. मी खरेदीची ऑर्डर टाकून त्या शून्याकडे बघत राहिलो. तेवढ्यात दारात गावोगाव फिरून कापूस घेणारा, खेडा खरेदीचा व्यापारी आला. "द्या ना काका, गाडी घेऊनच आलो." बाबा ओट्यावरून निवांत म्हणाले, "भाव चढून राह्यला. आता कोण येडा विकते?" मी बाहीनं कपाळ पुसलं. बाबांनी आत डोकावून विचारलं, "तुले काहून एवढा घाम फुटला रे?" "कापसानं अंग खाजून राह्यलं," मी म्हणालो. बाजार बंद होता होता कोणीतरी एक जण विकायला आला, ते शून्य हललं, माझी ऑर्डर लागली आणि तोटा खाऊन मी सुटलो. आता दरवर्षी कापूस घरात आला की मला तो माणूस आठवतो. चढत्या भावात, कुठंतरी बसून विकणारा तो एक येडा.