साडेतीन पोती

डेलस होकनसनला आमच्या खोऱ्यात कुणी वाकडं बोलत नसे. कारण हिवाळ्यात कधी ना कधी प्रत्येकाला त्याच्याच गॅरेजची पायरी चढावी लागे. कारखान्यातून आलेली स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची मोटारसायकल, सपाटीवर झकास पळते. पण इथे वायोमिंगच्या डोंगरात जानेवारीचा कमरेएवढा भुसभुशीत बर्फ पडला, की तीच मशीन गाभण गाईसारखी बसकण मारते. मग तिला डेलसकडे न्यायची. तो मागचा सांगाडा कापून लांब करी, खाली लांबलचक रबरी पट्टा चढवी, पट्ट्यावर दोन-दोन इंची दाते. चेनच्या डब्यातलं वरचं चक्र काढून कमी दात्यांचं बसवी, म्हणजे वेग जातो पण ताकद येते. विरळ हवेत इंजिनाचा दम पुरावा म्हणून क्लचमधली वजनं हलकी करी. चर्चमधला माणूस, शिव्या देत नसे. फार झालं तर पान्याला त्याच्या आईबापांविषयी विचारी.

शेवटचं काम मागच्या स्प्रिंगांचं, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. स्प्रिंग लावायची ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे. मऊ पडली तर चढावर मशीन मागे बसते, पुढच्या स्की, म्हणजे घसरपट्ट्या, आभाळ बघायला लागतात, आणि पट्टा वर चढायचं सोडून विहीर खणतो. गिऱ्हाईक मशीन टाकून जाई, आणि स्वतः सीटवर बसून खाली मोजपट्टी लावता येत नाही, म्हणून डेलस सीटवर गुरांच्या खुराकाची पन्नास पौंडी पोती रची आणि मशीन किती दबते ते बघे.

"वजन किती तुझं?" तो गिऱ्हाइकाला विचारी.

"एकशे ऐंशी."

"बरं."

डेलस चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू देत नसे. गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं, की गुपचूप आणखी एक पोतं चढवी. गळाला लागलेला मासा आणि पुरुषाचं वजन, दोन्ही लोकांच्या तोंडून ऐकायचं आणि आपल्या मनाने दुरुस्त करायचं, असा त्याचा नियम होता.

स्वतःच्या मशीनवर मात्र साडेतीन पोती. एकशे पंचाहत्तर पौंड. ड्रायव्हिंग लायसन्सवर वजनाच्या रकान्यात तसंच लिहिलं होतं ना! सोळाव्या वर्षी काढलेलं लायसन्स. दर वेळी नवं करताना खिडकीतली बाई विचारायची, "काही बदल?" आणि डेलस मान हलवायचा, "काही नाही." आता तो त्रेपन्न वर्षांचा होता.

गावाच्या डोक्यावर एक चढ आहे, त्याला सगळे बिशपचं नाक म्हणतात. नाकाच्या शेंड्यावर एक वठलेलं पाइनचं झाड आहे. जो मशीन घेऊन तिथवर पोचतो तो इंजिनाचा जुना झिजलेला बेल्ट त्या झाडाला टांगून येतो. दुर्बिणीतून बघितलं तर फांद्यांना काळ्या बांगड्या भरल्यासारख्या दिसतात. तेहतीस बेल्ट. तेहतीसच्या तेहतीस मशिनी डेलसच्या हातच्या. त्याचा स्वतःचा एकही नाही. अकरा हिवाळे तो चढत होता आणि अकरा हिवाळे दोन-तृतीयांशावर, एका खडकाशी, त्याची मशीन मागे बसून खणायला लागत होती. त्या जागेला आता होकनसनची विहीर असं नाव पडलं होतं आणि लोक रस्ता सांगताना ते वापरत. डेलस हसून साजरं करी, पण आत ते सलत होतं. लग्न लावून देणाऱ्या भटजीने स्वतः ब्रह्मचारी राहावं, तसं त्याचं झालं होतं.

त्याला वाटे, मशीन जड आहे. म्हणून त्याने पुढचा दिवा काढला, मागची पकड काढली, सीटमधला फोम खरवडला, जिथे म्हणून भोक पाडता येईल तिथे पाडलं.

"फोम खरवडतोस," बायको नोरीन म्हणायची, "आणि त्यावर बसायच्या आधी सहा पॅनकेक खातोस."

"फोम मशीनवर कायमचा असतो, नोरीन. पॅनकेक पचतात."

नोरीन गुरांच्या बाजारात वजनकाट्यावर बसे, बावीस वर्षं. दर ऑक्टोबरात डेलस आपली मशीन त्या काट्यावर आणी. १९९७च्या त्या ऑक्टोबरातही आणली.

"चारशे ऐंशी," काचेच्या खोलीतून नोरीन ओरडली.

"सहा पौंड उतरले! सहा!" डेलसने आनंदाने टोपी उडवली आणि एरवी ढकलत उतरवायची ती मशीन चालवत खाली न्यायला तिच्यावर बसला.

"सातशे अठ्ठावीस."

"काय सातशे अठ्ठावीस?"

"काटा."

काट्यावर शेजारी एखादं वासरू चढलंय का म्हणून डेलसने मागे वळून बघितलं.

"बूट आहेत माझे," तो म्हणाला.

"त्र्याहत्तर पौंडांचे?"

डेलसने मनातल्या मनात पोती मोजली. पाच. पाचाला दोन पौंड कमी. अकरा वर्षांची ती विहीर त्याला एकदम तळापर्यंत दिसली.

"तुला माहीत होतं?"

"मी बैल नुसता बघून पाच पौंडांच्या आत सांगते, डेलस. रोज समोर जेवायला बसणाऱ्याचं कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? तू आपला मशीनचंच वजन विचारत होतास."

रोग कळला, पण औषध व्हर्लच्या दुकानात. खोऱ्यात सुटे भाग मागवायचं ते एकच ठिकाण. व्हर्लला ऐकू कमी येई, त्यामुळे टेलिफोनवर तो असा बोले की टेलिफोन नसता तरी चाललं असतं. डेलस मुद्दाम सकाळी लवकर गेला. पण शनिवार होता, आणि अर्धं गाव आधीच डोनट आणि गरम चॉकलेट घेऊन स्टोव्हभोवती बसलेलं. त्यात मेव्हणा फॅरल, नोरीनचा भाऊ, सगळ्यात पुढे.

"मागच्या स्प्रिंगा हव्यात," डेलस हळूच म्हणाला. "जरा कडक."

व्हर्लने नंबर फिरवला. "स्प्रिंगा! हो! काय? बसणाऱ्याचं वजन?" त्याने फोनवर हात ठेवला. "वजन विचारतोय."

"गिऱ्हाइकासाठी आहेत."

"कुठल्या?"

स्टोव्हभोवतीचा प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघू लागला. डेलसने खोटं बोलायला तोंड उघडलं, पण समोर भिंतीवर बिशपच्या नाकाचा मोठा फोटो होता, त्यात ते झाड होतं, आणि आपण त्रेपन्न वर्षांचे आहोत हे त्याला आठवलं. आणखी किती हिवाळे?

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "दोनशे अठ्ठेचाळीस."

"किती?"

"दोनशे अठ्ठेचाळीस, व्हर्ल!"

"दोनशे अठ्ठेचाळीस!" व्हर्ल फोनमध्ये गरजला. बाहेर रस्त्यावरच्या कुत्र्याने मान वर केली म्हणतात.

दुकानात हशा फुटला. फॅरलला तर ठसकाच लागला. "अरे डेलस, विहीर खणायला मशीन कशाला नेत होतास? नुसता बसला असतास तरी पडली असती! माझ्याकडे बघ. कॉलेजात होतो तेवढाच आहे. एकशे नव्वद!"

डेलस वळला. अकरा वर्षं त्याने हे तोंडातून काढलं नव्हतं.

"फॅरल, तुझ्या सीटवर मी पाच पोती ठेवली होती."

"म्हणजे?"

"म्हणजे अडीचशे. म्हणून तुझा बेल्ट झाडावर आहे." मग त्याने स्टोव्हभोवती सावकाश नजर फिरवली. "इथल्या प्रत्येकाची पोती मला पाठ आहेत. सांगू?"

एकाने हातातला अर्धा डोनट हळूच डब्यात परत ठेवला. व्हर्ल फोनवर विचारत होता, "आहात ना? इकडे आवाजच येईना."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात डेलस नव्या स्प्रिंगांवर बिशपच्या नाकावर चढला. खाली सगळे जमले होते, फॅरलने दुर्बीण आणली होती. खडक आला. मशीन मागे दबली, जेवढी दबायला हवी तेवढीच. स्की बर्फाला धरून राहिल्या. पट्ट्याने दाते रोवले आणि मशीन विहिरीवरून अशी निघून गेली, जणू ती विहीर दुसऱ्याच कुणाची होती.

शेंड्यावर त्याने इंजिन बंद केलं, अकरा वर्षं खिशात बाळगलेला बेल्ट काढला आणि फांदीला टांगला. मग झाडाला टेकून तो रडला. चांगला हमसून रडला. गॉगल आतून वाफेने धूसर झाला, खाली उतरताना त्याला धड दिसतही नव्हतं. पायथ्याशी आल्यावर फॅरलने त्याला मिठी मारली आणि कानात विचारलं, "पाच पोती, हे नोरीनला नाही ना सांगितलंस?"

"तिला कशाला सांगायला हवं?" डेलस म्हणाला.

घरी नोरीनने चीज घातलेल्या बटाट्यांचं भलंमोठं भांडं ओव्हनमधून काढलं. डेलसने पहिली ताटली साफ केली आणि पुढे केली. नोरीनने डाव तसाच हातात धरला.

"आता तरी थोडं कमी करशील, असं वाटलं होतं मला."

"वाढ, नोरीन," डेलस गंभीरपणे म्हणाला. "दोनशे अठ्ठेचाळीसच्या स्प्रिंगा आहेत. दहा पौंड उतरलो तर सगळं परत लावावं लागेल."