तालुक्याचे निळसर आजोबा

"कोनं पाह्यलं?"

कुणी जुना काळा-पांढरा फोटो घेऊन आला, की चाचा चष्मा कपाळावर ढकलून आधी हे विचारायचे. नाव-गाव नंतर. पांढरकवड्याच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ आणि माझं झेरॉक्सचं दुकान, मधे एकच भिंत. लग्नाची कामं मोबाइलवाल्यांनी पळवल्यावर चाचा म्हातारपणी कॉम्प्युटर शिकले आणि जुन्या फोटोंत रंग भरायला लागले. पण तो रंग डोळ्यांनी पाहिलेला माणूस सापडल्याशिवाय ते माउसला हात लावत नसत.

आता बटण दाबलं की फोटो आपोआप रंगीत करणारे प्रोग्राम निघालेत. मी एकदा मोठ्या हौसेने त्यांना दाखवला. चाचांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "याले कोनं सांगतलं? हा काय मांडवात होता?"

या हट्टाचा फटका मलाही बसला. आईबाबांच्या लग्नाचा फोटो दिला आणि शालू हिरवा करा म्हणालो. लगेच प्रश्न आला. मी तर जन्मलोही नव्हतो. मग त्यांनी मला आईकडे पिटाळलं. आई आधी लाजली आणि मग सुटलीच. शालू जांभळा होता, आणि तो शेजारच्या काकूंचा होता. बाबांचा कोटही मागून आणलेला, बाह्या आखूड, म्हणून फोटोत हात पाठीमागे. इतक्या वर्षांत तिने हे कधी सांगितलं नव्हतं.

एकदा जवळच्या तांड्यावरून एक म्हातारी बंजारा बाई आली. तिला सगळे याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिच्याजवळ तिच्या आईचा फोटो होता, कुण्या साहेबाने कधीकाळी तांड्यावर काढलेला. ती रांगत होती तेव्हाच आई गेली. आईचा चेहरा एकदा रंगात पाहायचा, एवढंच तिला हवं होतं. चाचांनी नेहमीचा प्रश्न विचारला. पाहिलेलं आता कुणी उरलंच नव्हतं. ती फोटो पदरात गुंडाळायला लागली, तेव्हा चाचा खुर्चीवरून उठले. तिला खिडकीपाशी नेलं, हात उजेडात धरायला सांगितला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"चेहऱ्याची साक्षीदार तूच हायेस, माय," म्हणाले.

घागरा-ओढणी मात्र त्यांनी काळी-पांढरीच ठेवली. ती कुणी पाहिली नव्हती.

याच सुमारास माझ्या लक्षात आलं, की चाचांच्या फोटोंतली माणसं निळसर होत चाललीत. धोतरं नीळ जास्त पडल्यासारखी, मिशाही निळ्या. तुम्ही आमच्याकडे आलात आणि कुणाच्या बैठकीत निळसर आजोबा दिसले, तर दचकू नका, ते चाचांचे. मी काही बोललो नाही. रंगाच्या बाबतीत चाचांना कोण शिकवणार? शिवाय मला वाटायचं, वर गेलेली माणसं अशीच दिसत असतील.

मग यवतमाळला त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवसांनी दुकानात आले, काळा चष्मा काढला, कॉम्प्युटर लावला आणि एकेक फोटो उघडत गेले. डॉक्टर म्हणाले होते म्हणे, मोतीबिंदूत निळा रंग कमी दिसतो. तो दिसेपर्यंत चाचा भरत गेले होते.

"साऱ्या जगाले इचारत होतो, कोनं पाह्यलं," ते हळूच म्हणाले. "अन मीच पाहून नाही राह्यलतो." त्या दिवशी चहा तसाच गार झाला.

दोन वर्षांचे सगळे फोटो त्यांनी नव्याने केले आणि स्कूटीवरून घरोघरी बदलून द्यायला निघाले. लोक ऐकेनात. कापसाचे एक व्यापारी म्हणाले, वर्षश्राद्धाला सगळ्या पाहुण्यांनी हाच आजा पाहिला. आता बदलला तर विचारतील, हा कोण? चाचांनी ते हसून सोडून दिलं. त्यांना खरी टोचणी याडीची होती. जिने आई कधी पाहिलीच नाही, तिच्या हाती आपण भलतीच बाई दिली, असं म्हणायचे. त्यांना जेवण जाईना.

शेवटी मला मागे बसवून ते तांड्यावर गेले. फोटो चुलीजवळच्या भिंतीवर होता, खाली उदबत्तीची राख. चाचांनी नवा फोटो पुढे केला, चूक कबूल केली, माफी मागितली.  याडीने दोन्ही फोटो शेजारी-शेजारी मांडले, मधे स्वतःचा हात ठेवला. नवा रंग अगदी तिच्या हातासारखा होता, हे मलाही दिसत होतं. तिने नवा फोटो चाचांना परत दिला.

"हे बी चांगली हाये, भाऊ. पन इले कोनं पाह्यलं?" ती म्हणाली. "त्या निळीले म्या पाह्यलं. दोन सालापासून, रोज."

 परतताना वाटेत स्कूटी थांबवून चाचांनी डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले. डोळे त्याआधीच ओले होते, हे मी पाहिलं.

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे उभे राहिल्यामुळे त्यांचा स्वतःचा धड फोटोच नव्हता. दुकान उघडलं त्या दिवशीचा एक सापडला, काळा-पांढरा. पाहून पाहून मलाही ते काम थोडं जमायला लागलं होतं, म्हणून त्यांच्या मुलाने तो माझ्याकडेच आणला. शर्ट पांढरा करून टाका, म्हणाला.

"कोनं पाह्यलं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मुलाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मी होतो, दहा वर्षांचा, पेढ्यासाठी दारात उभा. शर्ट पोपटी होता. अब्बा आणि पोपटी, म्हणून मुलगा हसायला लागला आणि हसता हसताच रडला.

मी शर्ट पोपटी केला. चेहऱ्याचा रंग मुलाचा हात उजेडात धरून घेतला. सगळं झाल्यावर निळा थोडा वाढवला.

"काका, अब्बा निळे दिसून राह्यले," मुलगा म्हणाला.

"दिसू दे," मी म्हणालो. "त्याईले आता आपल्या साऱ्या आजोबांत बसाचं हाये."