माझ्या जागी अण्णा

बेस गिटार वाजवणाऱ्यांची एक अडचण असते. एकमेकांचे कितीही जिवलग झाले तरी ते एकत्र वाजवू शकत नाहीत. बँडमध्ये साधी गिटार वाजवणारे दोन असले तर शोभतात, गाणारे तीन असले तरी चालतं, पण खालचे जाड सूर सांभाळणारा बेसवाला एकच लागतो. दोन झाले की नुसता गलबला. म्हणून आम्ही भेटतो ते फक्त बोलायला. शनिवारी सकाळी, मल्लेश्वरममधल्या एका दर्शिनीत, म्हणजे झटपट इडली-कॉफीच्या कानडी हॉटेलात, उभ्याने खायच्या टेबलाशी. विषय दोनच, वाद्य आणि वाद्याचा भाव.

आमच्यात प्रत्येक वस्तूला तीन भाव असतात. एक दुकानातला, एक मित्रांना सांगायचा आणि एक घरी सांगायचा. मित्रांना सांगायचा भाव कमी असतो, कारण आपण किती हुशारीने सौदा केला ते दाखवायचं असतं. घरी सांगायचा त्याहून कमी असतो, आणि त्याचं कारण सांगायला नको. माझ्याच ऑफिसातला, पुण्याहून आलेला एक तिशीतला गडी आमच्या टोळीत आहे. त्याने अमेरिकेहून येणाऱ्या मावसभावाच्या सामानातून नवाकोरा बेस मागवला आणि बायकोला सांगितलं की सेकंड हँड आहे, मित्राने पडत्या भावात दिला.

"दादा, ती ॲक्चुअली भांडली पण नाही," तो सांगत होता. "तिने फक्त विचारलं, मित्राचं नाव काय. आणि मला एक नाव सुचेना!"

"खोटं बोलायलाबी रियाज लागतोय बाबा," अण्णा म्हणाले आणि त्याच्या बशीतला वडा उचलला.

अण्णा आमच्यात वयाने सगळ्यात मोठे. घराणं मूळचं निपाणीकडचं, पण चामराजपेटेत त्यांची ही तिसरी पिढी. बँकेतून मुदतीआधी निवृत्त झालेले, पेन्शन चांगली, जीभ तिखट. नम्रपणाशी त्यांचा संबंध नाही. "या गावात माझ्यासारखा वाजवणारा दाखव, कॉफी माझ्याकडून," असं ते दर शनिवारी म्हणत आणि कॉफीचे पैसे आम्हीच देत असू. नोकरी सांभाळून त्यांनी अर्धं आयुष्य एका ऑर्केस्ट्रात काढलं होतं. लग्नं, गणपती, कन्नड राज्योत्सव, सगळीकडे. मग मालकाने लॅपटॉप आणला, आणि त्या लॅपटॉपने सगळ्यात आधी खाल्ला तो बेसवाला. तेव्हापासून अण्णांना बँड नव्हता. ते घरीच वाजवत. "घरी एकट्यानं वाजवणं म्हणजे एकट्यानं कबड्डी खेळणं," एकदा ते म्हणाले होते. त्या दिवशी मात्र आम्ही हसलो नाही.

मला बँड होता. अकरा वर्षं एकच बँड. जुनी हिंदी गाणी, कन्नड सिनेमाची गाणी, थोडं इंग्रजी रॉक. बेळ्ळंदूरकडच्या बिअर मिळणाऱ्या मोठ्या हॉटेलांत रविवारी दुपारी आमचे कार्यक्रम असत, कधी कंपन्यांचे कौटुंबिक मेळावे. आठवडाभर रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसून मी जो माणूस होतो तो रविवारी राहत नसे. हे मी बायकोलाही कधी असं सांगितलेलं नाही, पण नोकरी गेली असती तर मी दुसरी शोधली असती. बँडचं तसं नव्हतं.

आता खांद्याचं सांगतो. बेस जितका जड तितका आवाज भरदार, ही आमच्यातली जुनी श्रद्धा. मी माझा बेस विकत घेतला तेव्हा टोळीतल्या कोणीही तो वाजवून पाहिला नाही. बाजारात फणस बघावा तसा प्रत्येकाने उचलून बघितला आणि मान डोलावली. अण्णा म्हणाले, "हे लाकूड हाय. बाकी सगळं प्लायवूड." मी खूश. ते पाच-सहा किलोचं धूड मी इतकी वर्षं डाव्या खांद्याला लटकवून तीन-तीन तास उभा राहिलो. मान दुखली तर उशी बदलली, खांदा दुखला तर पट्टा बदलला. वाद्य बदलावं हे डोक्यातही आलं नाही. शेवटी एका रविवारी दुसऱ्या गाण्यातच माझ्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं कुठे आहेत ते मला कळेना.

डॉक्टरांनी खांद्यापाशी नस दबतेय असं सांगितलं आणि वाद्याचं वजन विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "हे वाद्य आहे की व्यायाम?"

पुण्याच्या गड्याने मला त्याचा हलका बेस आणून दिला. त्याने दुखणं कमी झालं, पण अर्ध्या तासाने बोटं पुन्हा झोपायचीच. डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं. घरी बसून थोडा वेळ वाजवा, उभं राहून कार्यक्रम बंद. वर्षभराने बघू. बरं होईल का, असं विचारलं तर म्हणाले, होईलही, नाहीही.

तेव्हा मला बदली माणूस हवा होता.

बदलीबद्दल आमच्यात एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. आपल्याला जमणार नसेल तेव्हा बँडला दुसरा बेसवाला आपणच द्यायचा, आणि त्याने मूळ माणूस परत आला की जागा सोडायची. जागा द्यायची झालीच तर मूळ माणसाने बँडसमोर आपल्या तोंडाने द्यायची. एकाने ही रीत मोडली होती. मित्राच्या जागी दोन कार्यक्रम वाजवायला गेला, तिथे सगळी कसरत करून दाखवली, आणि बँडने त्यालाच ठेवून घेतलं. तोही कधीकधी शनिवारी त्याच दर्शिनीत येतो. त्याच्या टेबलाशी आमच्यातला कोणी उभा राहत नाही.

मी अण्णांना विचारलं. दुसऱ्या कोणाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता, पण खरं सांगायचं तर मला धास्ती वाटत होती. अण्णा जागा बळकावणार नाहीत हे मला माहीत होतं. पण ते माझ्यापेक्षा किती वरचढ वाजवतात तेही मला माहीत होतं. एकदा बँडने त्यांना ऐकलं की संपलं. मग मी बरा होऊन काय उपयोग?

"सरी, चालतंय," अण्णा म्हणाले. एवढंच. नेहमीची बढाई नाही, काही नाही. फक्त आमच्या मागच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज मागून घेतली.

पुढचे दोन-तीन महिने बँडमधून काही तक्रार आली नाही, कौतुकही आलं नाही. आमचा ड्रमवाला व्यवसायाने दातांचा डॉक्टर. बँड त्यानेच उभा केलेला, आणि मोजकंच बोलणारा. त्याला फोनवर विचारलं, कसं चाललंय? तो म्हणाला, "ठीक है. बिलकुल तुम्हारे जैसा बजाते हैं." मला आधी हायसं वाटलं. मग काहीतरी खटकायला लागलं. अण्णा आणि माझ्यासारखं?

एका रविवारी बायकोला घेऊन मी ऐकायला गेलो. बेळ्ळंदूरचंच हॉटेल, भर दुपार, लहान मुलं टेबलांमधून पळत होती. माझा बँड मी समोर बसून कधी ऐकलाच नव्हता. पहिलं गाणं सुरू झालं आणि मी खुर्चीत पुढे सरकलो.

अण्णा माझंच वाजवत होते. माझ्यासारखं नव्हे, माझंच. सूर माझे, थांबण्याच्या जागा माझ्या. मला एक खोड आहे. कडवं संपलं की मी खालच्या सुरावरून एकदम वर उडी मारतो आणि घसरत परत येतो. अण्णांनी याला माकडउडी असं नाव ठेवलं होतं आणि वर्षानुवर्षं इडलीबरोबर माझी त्यावरून चटणी केली होती. कडवं संपलं. अण्णांनी माकडउडी मारली, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. दुसऱ्या कडव्यानंतर पुन्हा मारली. बँडमधल्या कोणालाही त्यात काही वेगळं वाटलं नाही, कारण वेगळं काही नव्हतंच.

मध्यंतरात अण्णा बुफेच्या रांगेत उभे होते. मी जाऊन शेजारी उभा राहिलो.

"काय वाजवताय हे?"

"काय म्हणजे? तुझ्या जागी आलोय, तुझंच वाजवणार की."

"माकडउडीसुद्धा?"

"तीबी तुझीच हाय बाबा. मी कशाला गाळू?"

"अण्णा, तुम्ही काय वाजवता याची या लोकांना कल्पनासुद्धा नाही."

"नसू दे की." त्यांनी ताटलीत कोशिंबीर वाढून घेतली. "कल्पना आली तर तुला परत कशाला बोलावतील?"

मला राग आला. आभार मानायचे सोडून मला अण्णांचा खरोखर राग आला. या माणसाला बँड मिळाला होता. इतक्या वर्षांनी समोर लोक होते, शेजारी ड्रम होते, आणि हा शहाणा माझी जागा गरम ठेवायला माझ्या चुकांसकट मला वाजवत बसला होता.

"डॉक्टर वर्ष म्हणालेत," मी म्हणालो. "वर्षभर असंच वाजवणार?"

"वाजवीन की." मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "स्वल्प त्रास होतोय. पण वाजवीन."

अण्णांच्या तोंडून त्रास हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मी हातातली रिकामी ताटली परत ठेवून दिली. वर्षाने माझी बोटं आली असती कदाचित. नसती आली, तर अण्णांचं एक वर्ष फुकट गेलं असतं, आणि त्यांच्या वयाला वर्षं काही दुकानात मिळत नाहीत. पण असा हिशेब करून मी ठरवलं म्हणालो तर ते खोटं होईल. माझ्या डोळ्यांसमोर एवढंच होतं की आता दुसरा भाग सुरू होईल आणि अण्णा पुन्हा माकडउडी मारतील. ते मला बघवलं नसतं.

मी ड्रमवाल्याला गाठलं. गायिका आणि गिटारवालाही तिथेच होते. मी सांगितलं, मी परत येत नाहीये. ही जागा आजपासून यांची. अण्णा मागे येऊन उभे राहिले होते.

ड्रमवाल्याने विचारलं, "पक्का?"

"पक्का."

त्याने माझ्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला, मग लक्षात येऊन पटकन काढून घेतला. गायिकेने मला मिठी मारली. अण्णा म्हणाले, "पुन्हा विचार कर." मी म्हणालो, "आता तुमचं वाजवा. माझं ऐकून माझे कान किटले." तेव्हाही ते हसले नाहीत. हातातला पाण्याचा ग्लास ठेवायला जागा शोधत राहिले.

दुसरा भाग सुरू झाला. पहिल्या काही ओळी अण्णांनी साध्याच वाजवल्या, जणू माझी खात्री करून घेत होते. मग त्यांनी एके ठिकाणी हात नुसता उचलून धरला. तिथे मी गेली अकरा वर्षं न चुकता वाजवत आलो होतो. अण्णांनी ती जागा रिकामी सोडली, आणि अगदी शेवटच्या क्षणी खालून एक सूर दिला. गाणं तेच होतं, पण कोणीतरी त्याची खिडकी उघडल्यासारखं झालं. जवळच्या टेबलावरच्या एका बाईंनी बोलता बोलता मान वळवून स्टेजकडे बघितलं.

मी मात्र ड्रमवाल्याकडे बघत होतो. त्याने मान वर केली. अण्णांकडे बघितलं, आणि हसला. मग त्या रिकाम्या जागेत त्याने काहीतरी असं वाजवलं की मी ते त्याच्याकडून कधीच ऐकलं नव्हतं. हलकं, खट्याळ, एखादा मनसोक्त बोलायला लागावा तसं. अण्णांनी त्याला उत्तर दिलं. तो अजून हसला. तो कमी बोलणारा माणूस आहे असं मी अकरा वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो. दर रविवारी त्याच्या डाव्या हाताला उभा राहून माझी अशी समजूत होती की हा एवढंच वाजवतो.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी मान खाली घातली.

बायकोने वाकून विचारलं, "हात दुखतोय का?"

मी हो म्हटलं.